काडीचा कौल, धन्याचे माप

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका विद्वान गृहस्थांचे ‘अमेरिकेची लोकशाही’ या विषयावर व्याख्यान झाले. गृहस्थांचे नाव आम्ही देत नाही. नाव छापल्याने व्याख्यान सुधारणार नाही. शाळा सुटल्यावर आम्ही मुद्दाम गेलो आणि मागच्या बाकावर बसून सारे ऐकून घेतले. महाशय म्हणाले, अमेरिकेत आयोवा म्हणून मका-सोयाबीन पिकवणाऱ्यांचे राज्य आहे. तेथे रिपब्लिकन पक्षाचे लोक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी ऐन पावसाळ्यात एम्स गावी जमत आणि कोणता उमेदवार आपल्याला पसंत, याचा कौल देत. त्यालाच ‘स्ट्रॉ पोल’ म्हणत. पाखडणी अशी व्हावी, दाणा राहावा आणि फोलपट उडून जावे. आपल्याकडच्या पक्षांनीही हा धडा घ्यावा, असा त्यांचा उपदेश. इथपर्यंत ठीक होते. पुढे टेक्सासचे डॉक्टर रॉन पॉल यांच्या पाठीराख्यांचा विषय निघाला तेव्हा महाशयांना हसू आवरेना. चार टवाळ पोरे, हाती घरी रंगवलेली फळकुटे, आणि निघाली म्हणे राजा करायला! पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या दिल्या. आम्हांस टाळी देववली नाही. हा मजकूर त्यापायी लिहिला आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हांला आयोवाशी काय करायचे? त्याचे कारण असे, की आमच्या नोकरीचे नियम आम्हांस येथल्या पक्षांवर व उमेदवारांवर लिहू देत नाहीत. आयोवावर लिहू नये असे परिपत्रक मात्र अद्याप आलेले नाही.

स्ट्रॉ म्हणजे गवताची काडी. वारा कोणीकडचा आहे हे पाहण्यास काडी वर सोडावी, तसा हा कौल. आमच्या वाचकांस ही गोष्ट समजावून सांगायला नको. खळ्यावर उपणायला उभा राहणारा माणूस आधी मूठभर भुसा सोडून वारा पाहतो आणि मगच पाटी उचलतो. परंतु वाऱ्याने अमुक रुपये भरले तरच वाहावे, असे कोणत्या खळ्यावर कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. एम्सला मात्र ते होते. जो तिकीट घेईल त्याने मत द्यावे! १९९९ साली तिकीट २५ डॉलर, २००७ साली ३५ आणि २०११ साली ३०. पस्तीस डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे चौदाशे रुपये. घरात नवरा, बायको आणि दोन मिळवती पोरे असली तर कुटुंबाच्या मताची किंमत एकशे चाळीस डॉलर. जमलेला पैसा राज्यातल्या पक्षाच्या तिजोरीत. तिकीट स्वतःच घ्यावे असाही नियम नव्हता. ज्याची थैली जड तो उमेदवार तिकिटांचे गठ्ठे घेई, बसगाड्या भाड्याने लावी, लोकांना घरून उचलून आणी, तंबूत जेवू घाली, गाणेबजावणे ऐकवी आणि मत घालून परत घरी पोहोचवी. तंबूच्या जागांचासुद्धा लिलाव होई. १९९९ साली धाकट्या बुशसाहेबांनी मोक्याच्या जागेस ४३,५०० डॉलर मोजले. १९९५ सालापर्यंत तर मत देणारा आयोवाचा रहिवासी असावा एवढेही बंधन नव्हते. त्या साली परराज्यातून गाड्या भरून माणसे आणली गेली आणि डोल व ग्रॅम या दोघांस बरोबर २,५८२, २,५८२ अशी सारखी मते पडली. पुढे ती वाट बंद केली, हे चांगलेच केले. महाशयांच्या व्याख्यानात कौल होता, जत्रा होती, शेतकरी होते. तिकीट मात्र कोठे नव्हते!

आणखी एक गंमत. मत दिल्यावर कोणी दुसऱ्यांदा देऊ नये म्हणून तेथे अंगठ्याला न पुसणारी शाई लावीत. ही शाई आमच्या ओळखीची. निवडणूक आली की मास्तर लोकांना केंद्रावर बसवतात. म्हैसूरच्या कारखान्यातली ती शाई डाव्या हाताच्या तर्जनीवर ओढताना आम्ही किती बोटे पाहिली असतील! चुन्याने चिरलेली, उसाच्या पाचटाने कापलेली, पाटलाचीही आणि पाटलाच्या गड्याचीही. त्या बोटाच्या मालकाला तिकीट विचारण्याची सोय आम्हांस नाही, आणि ते आमचे भाग्य आहे. आमच्या आजोबांच्या वेळी ती सोय होती. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात मताचा हक्क मुख्यतः जमीनसारा आणि मिळकत पाहून मिळे. कसणाऱ्याला आणि राबणाऱ्याला मत नसे. ते मत सगळ्या प्रौढांस १९५१-५२ च्या निवडणुकीत मिळाले. खुद्द अमेरिकेतही दक्षिणेकडच्या राज्यांत मतदानासाठी डोईपट्टी भरावी लागे. काळ्या माणसाला आणि गरीब गोऱ्याला दाराबाहेर ठेवण्याची ती युक्ती होती. १९६४ साली घटना दुरुस्त करून राष्ट्रीय निवडणुकांपुरती ती पट्टी उठवली, आणि १९६६ साली तेथल्या वरिष्ठ न्यायालयाने राज्यांच्या निवडणुकांतूनही ती काढून टाकली. सरकारी दारातून हाकललेली पट्टी पक्षाच्या अंगणात तिकीट होऊन परत आली. अंगण खाजगी, तेव्हा कायदा बोलेना. ही पाखडणी होय!

आता त्या टवाळ पोरांकडे वळू.

डॉ. पॉल हे बाळंतपणाचे डॉक्टर, टेक्सासमधून अनेक वेळा काँग्रेसवर निवडून गेलेले. इराकवरच्या लढाईला २००२ साली त्यांनी विरोधी मत दिले आणि स्वतःच्याच पक्षात वाळीत पडले. २००७ साली ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा पक्षातल्या मोठ्यांनी त्यांना मोजलेच नाही. एम्सच्या कौलास सहा आठवडे उरले असता, ३० जून रोजी आयोवाची राजधानी डे मॉइन येथे उमेदवारांची एक सभा ठेवली गेली. तिच्या आयोजकांनी डॉक्टरांस बोलावणेच धाडले नाही. पाठीराख्यांनी काय केले? दारात धरणे धरले नाही की खिडक्या फोडल्या नाहीत. शेजारच्याच दालनात आपली वेगळी सभा भरवली आणि आपला उमेदवार तेथे उभा केला. पंक्तीतून उठवल्यावर अंगणात स्वतःची चूल मांडणारी माणसे आमच्या वाचकांनी पाहिलेली आहेत. त्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

ही माणसे कोणी पगार देऊन ठेवलेली नव्हती. गावोगाव ती आपली आपण जमली, चादरींवर अक्षरे रंगवून पुलांवर टांगली, सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून पत्रके वाटली. घरचे खाऊन लष्करच्या भाकरी भाजणारी ही जात जगात सगळीकडे एकच. ११ ऑगस्ट २००७ रोजी कौल झाला. एकूण १४,३०२ मते पडली. रॉम्नी यांस ४,५१६, आर्कान्सासचे माजी गव्हर्नर हकबी यांस २,५८७, आणि डॉक्टरांस १,३०५, म्हणजे पाचवा नंबर. शहाण्यांनी म्हटले, झाले, उडाले फोलपट. फोलपट काही उडेना. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला या लोकांनी आपापसात ठरवून एका दिवसात चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमवले, आणि १६ डिसेंबरला साठ लाखांच्या आसपास. उमेदवाराच्या कचेरीतून हुकूम सुटला म्हणून नव्हे. बेत पाठीराख्यांचाच होता. निवडणूक ते हरले ती हरलेच. पण चार वर्षांनी ते पुन्हा एम्सला आले.

तो दिवस १३ ऑगस्ट २०११, आमच्याकडे त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. या खेपेस तंबूच्या लिलावात सर्वांत मोक्याची जागा डॉक्टरांच्या बाजूने ३१,००० डॉलर देऊन घेतली. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. बाजारात बसायचे तर बाजाराचा कर भरावा लागतो, आणि या पैशात लहान देणग्यांचा वाटा मोठा होता एवढेच आम्ही म्हणू. निकाल लागला. मिशेल बॅकमन या बाईंना ४,८२३ मते, डॉ. पॉल यांना ४,६७१. फरक १५२ मतांचा. दोन बसगाड्या उशिरा आल्या असत्या तर निकाल फिरला असता. तिसरे पॉलेंटी, २,२९३. ते दुसऱ्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. रॉम्नी यांनी त्या खेपेस एम्सकडे पाठ फिरवली, तरी त्यांचे नाव मतपत्रिकेवर होते, त्यांना ५६७. टेक्सासचे गव्हर्नर पेरी यांनी त्याच दिवशी दूर दक्षिण कॅरोलिनात आपली उमेदवारी जाहीर केली. त्यांचे नाव लोकांनी हाताने लिहिले, त्यांना ७१८.

वाचकहो, हे आकडे पाटीवर लिहून ठेवा. आमच्या चौथीच्या मुलांनासुद्धा यांची चढती-उतरती भाजणी लावता येईल. अमेरिकेतल्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांस आणि दूरचित्रवाणीवाल्यांस ती लावता आली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लिहिले की शर्यत आता तिघांची: बॅकमन, पेरी आणि रॉम्नी. ४,८२३ ला पहिल्या ओळीत पाट. ७१८ ला पाट. ५६७ ला पाट. ४,६७१ कोठे गेले? पहिल्या बाईंना रविवारच्या पाच कार्यक्रमांत मुलाखतीला बसवले, आणि दुसरा नंबर जणू परीक्षेला बसलाच नव्हता! ही गोष्ट इतकी उघडी पडली, की शेवटी जॉन स्ट्युअर्ट या विनोदी कार्यक्रम करणाऱ्याने ती सगळ्या देशापुढे मांडून आपल्याच धंदेबंधूंची फजिती केली. वर्तमानपत्रांचे काम भांडाला करावे लागले.

यावर व्याख्याते महाशयांचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे, कारण व्याख्यानानंतर आम्ही त्यांस गाठून विचारले. म्हणाले, “मास्तर, ती मते तिकिटांनी विकत घेतलेली. तिचा अर्थ काय धरायचा?” कबूल! अगदी कबूल. मग पहिल्या नंबरच्या मतांची तिकिटे काय देवळात फुकट वाटली होती? तराजू खोटा तर दोन्ही पारडी खोटी. एका पारड्याचे वजन धरायचे आणि दुसरे पारडे तेवढे खोटे म्हणायचे, असे करणाऱ्या मापाऱ्याला आमच्या आठवड्याच्या बाजारात लोक काय करतील ते महाशयांनी एकदा येऊन पाहावे. यावर ते म्हणाले, “अहो, तो माणूस निवडून येण्यासारखा नव्हताच.” म्हणजे कौल घेण्यापूर्वीच निकाल ठरलेला. मग कौल कशाला घेतला?

येथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर डॉक्टरांचे चेले असल्याचा आळ यायचा. त्यांची पुष्कळ मते आम्हांस अमान्य आहेत, आणि काही तर संतापजनक वाटतात. काळ्या लोकांस उपाहारगृहांची, दुकानांची, नोकऱ्यांची दारे उघडून देणारा १९६४ चा कायदा आपण असतो तर मंजूर केला नसता, असे हे गृहस्थ २०११ साली उघड बोलले. खाजगी दुकानदाराची मर्जी म्हणे! ज्यांच्या वाडवडिलांना विहिरीच्या मालकाची मर्जी सांभाळीत तहानलेले राहावे लागले, त्यांनी या वाक्यावर काय म्हणावे? मागे त्यांच्या नावाने निघणाऱ्या पत्रकांत काळ्यांविषयी विषारी मजकूर छापला गेला. तो आपण लिहिला नाही असे ते म्हणतात, पण नाव त्यांचेच होते आणि पत्रके विकली जात होती. शिवाय राष्ट्राचे शिक्षणखातेच बंद करावे असा त्यांचा बेत. सरकारी शाळेतल्या मास्तराने त्यांना हार घालावा अशी अपेक्षा कोणी करू नये. आम्हांस तेथे मत असते तर ते डॉक्टरांस पडले नसते. पण ज्याला आपण मत देणार नाही त्याचीही मते मोजली पाहिजेत. आज ४,६७१ पुसताना आपण हसलो, तर उद्या आपली माणसे पुसली जाताना कोणाच्या तोंडाकडे पाहणार?

पाठीराख्यांचीही एक चूक आम्हांस दिसते. अंगणातली गर्दी म्हणजे गाव, असे त्यांना वाटले. २०११ च्या कौलात सगळी मिळून १६,८९२ मते. पुढे ३ जानेवारी २०१२ रोजी त्याच पक्षाच्या खऱ्या कौलाला, ज्याला तेथे कॉकस म्हणतात, १,२१,००० हून अधिक माणसे आली. तेथे तिकीट नव्हते. एम्सच्या पहिल्या नंबरच्या बाई तेथे सहाव्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. पहिले कोण आले? सँटोरम, एम्सला त्यांना अवघी १,६५७ मते होती. या माणसाने आयोवाचे ९९ च्या ९९ जिल्हे पायाखाली घातले होते. रात्री जाहीर झाले की रॉम्नी ८ मतांनी जिंकले. पंधरवड्याने नीट मोजले तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. तोवर विजयाचे पेढे दुसऱ्याच घरी वाटून झाले होते. २००७ चे हकबी तसेच; एम्सला दुसरे, आणि जानेवारी २००८ मध्ये रॉम्नींचा सगळा पैसा मागे टाकून पहिले. तिकिटाच्या अंगणातून घरोघरच्या उंबऱ्यांचा अंदाज करू नये, एवढे यातून दिसते. डॉक्टर कॉकसमध्ये तिसरे आले, शेकडा २१ मते घेऊन.

त्यापुढची हकीकत व्याख्यानात आली नाही. कॉकसच्या रात्री मते पडतात, पण राष्ट्रीय अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी त्या रात्री ठरत नाहीत. ते पुढे जिल्ह्याच्या, मग राज्याच्या सभांत निवडले जातात. या सभा लांबलचक, कंटाळवाण्या. मोठी माणसे ठरावाचे वाचन सुरू झाले की घड्याळ पाहून उठतात. टवाळ पोरे उठली नाहीत. नियमांची पुस्तके पाठ करून आली होती, शेवटच्या ठरावापर्यंत बसून राहिली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये टॅम्पाच्या अधिवेशनात आयोवाच्या २८ प्रतिनिधींपैकी २२ जणांनी डॉक्टरांस मत दिले. हे न्यायाचे झाले काय? मतांनी तिसऱ्या आलेल्याला २८ पैकी २२ मिळावेत, हा आमच्या मते न्याय नव्हे. पण नियम त्यांनी केलेला नव्हता. वर्षानुवर्षे हाच नियम धन्यांच्या उपयोगी पडत होता तेव्हा तो कोणाला खुपला नाही. गड्याला तो वाचता येऊ लागला आणि लगेच खुपला. त्याच अधिवेशनात नियम बदलले. पूर्वी पाच राज्यांत आघाडी असली की उमेदवाराचे नाव मांडता येई. आता आठ राज्यांत निम्म्याहून अधिक प्रतिनिधी पाहिजेत असे ठरवले. पुढच्या निवडणुकीपासून प्रतिनिधीने राज्यातल्या मतांप्रमाणेच वागावे, असेही ठरले. हा दुसरा नियम आम्हांस मान्य आहे. त्याला सुचण्यास मुहूर्त मात्र असा लागला!

त्या सभेत एकेका राज्याचे प्रतिनिधी उभे राहून आपली मते पुकारीत होते. खालून पुकारा होई, डॉ. पॉल यांस इतकी, रॉम्नी यांस इतकी. व्यासपीठावरून त्याचा पुनरुच्चार होई तो फक्त रॉम्नींच्या आकड्याचा. पॉल हे नाव वरून उच्चारलेच जात नव्हते. आम्ही रोज सकाळी हजेरी घेतो. समोर बसून ‘हजर’ म्हणणाऱ्या पोराचे नाव गाळून पुढचे घेणे कोणत्या मास्तराच्या जिभेला जमेल, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या नोकरीत तरी असा एकही भेटला नाही.

आणि एम्सच्या जत्रेचे काय झाले? गाजराची पुंगी, वाजली तोवर वाजवली, मग मोडून खाल्ली. थोरल्या बुशसाहेबांना १९८७ साली तेथे तिसरा नंबर मिळाला, तेव्हा आपले पाठीराखे गोल्फ खेळायला आणि मुलींच्या समारंभांना गेले होते असे त्यांनी सांगितले, आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. मोठ्यांना त्या कौलाची गरज कधी नव्हतीच. २०१५ साली मोठमोठे उमेदवार यायला नाखूश दिसू लागले, तेव्हा राज्यातल्या पक्षाने जून महिन्यात एकमताने तो कायमचा बंद केला. ज्या खेळात थैलीवाल्याला हरण्याचे भय वाटू लागले तो खेळ संपला, आणि आज आमचे व्याख्याते त्याच मोडलेल्या पुंगीचे गुण तालुक्याला ऐकवीत फिरत आहेत.

आमचे महाशयांस एवढेच मागणे आहे. ७१८ आणि ५६७ हे ४,६७१ हून मोठे कसे, याची रीत त्यांनी या पत्राकडे लिहून पाठवावी. संपादकांनी जागा देण्याचे कबूल केले आहे. टपालखर्च आम्ही सोसू, आणि रीत बरोबर निघाल्यास सोमवारी ती फळ्यावर मुलांस शिकवू.